चोथ्याला इंग्रजीत काय म्हणतात

पंजाबरावांची खोड एकच, पण हाडात मुरलेली. त्यांना काहीही विचारा, उत्तर तयार. ‘मला माहीत नाही’ असं हा माणूस जन्मात कधी बोलला नव्हता, आणि भागिरथाबाईंच्या मते ही खोड दारूपेक्षा वाईट होती. दारू निदान सकाळपर्यंत उतरते. शेलूबाजारच्या चौकात उतरलेल्या परक्या माणसाला हे स्वतः इंझोरीचे असून रस्ता सांगत. तो माणूस तासाभराने त्याच चौकात परत आलेला दिसला, की म्हणत, “बराबर आहे. रस्ता गोलच आहे.”

पंजाबराव म्हणजे भागिरथाबाईंचे व्याही, सून नीलिमाचे वडील. वाशिमला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवस शेलूबाजारला लेकीकडे आराम करतो म्हणून आले. आज अठरावा दिवस होता. डॉक्टरांनी टीव्ही बंद केला होता, वाचणं बंद केलं होतं, वाकणं बंद केलं होतं. बोलणं बंद करायचं तेवढं डॉक्टर विसरले, असं भागिरथाबाईंना रोज वाटे.

पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. व्याह्याचं बोलणं तोडायचं नाही, हा त्या घराचा नियम होता, आणि तो भागिरथाबाईंनीच घातलेला होता. त्या नव्या नवरी असताना त्यांचे वडील भेटायला आले होते. भर पंगतीत एका दिराने त्यांना ‘खोटं बोलता’ म्हटलं, आणि वडील भरल्या ताटावरून उठून पायी गावाला गेले. त्या दिवशी भागिरथाबाईंनी मनाशी ठरवलं होतं, घर माझ्या हातात येऊ दे, मग पाहते.

आता घर हातात होतं, आणि ओसरीतल्या खुर्चीत काळा चष्मा लावून पंजाबराव बसले होते.

नात संस्कृती सातवीत होती. शाळेत लाकडी अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द मांडायचा खेळ आला होता. त्याची जिल्ह्याची स्पर्धा वाशिमला होती आणि शाळेतून दोघांनाच जायचं होतं. संस्कृतीने त्यापायी पंधरा दिवस धड जेवण केलं नव्हतं. मॅडमनी प्रत्येकाला एक कागद दिला होता. क्यू, एक्स नाही तर झेड, यांतलं एखादं अक्षर असलेले चाळीस आखूड शब्द त्यावर होते. ही अक्षरं हाती आली की गळ्यात अडकतात, पण शब्द जमला तर सगळ्यांत जास्त गुण त्यांचेच. अट एकच होती. शब्द मांडला की अर्थ सांगायचा, नाही तर गुण कापले. कागदावर अर्थ नव्हते. ते मुलांनीच शोधायचे होते. घरात मोबाइल होता, पण शाळकरी पोरीने त्याला हात लावायचा नाही, हाही भागिरथाबाईंचाच नियम.

“आजी, झॅक्स म्हणजे काय वं?”

भागिरथाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. शाळेत त्या दुसरीपर्यंत गेल्या होत्या. पण ‘मला माहीत नाही’ म्हणायची सवय, खरं सांगायचं तर, त्यांनाही नव्हती.

“आबाले विचार,” त्या म्हणाल्या. “मी कामात आहो.”

इथेच चुकलं.

पंजाबरावांनी मान वर केली. समोर नीलिमा चहा गाळत होती. “झॅक्स? सोपा आहे. चहा गाळला का गाळणीत जो चोथा राह्यते, त्याले म्हणतात.”

“आणि झेक?”

“पंगतीत वाढणारा आपल्याले सोडून पुढं जाते ना, तो झेक.”

“सूक?”

नीलिमा आता औषधाची बाटली घेऊन आली होती. “डोळ्यात टाकाच्या औषधाचा तिसरा थेंब.”

“आणि हे उमियाक?”

पंजाबरावांनी काळा चष्मा सारखा केला. “ते नातं आहे. नवऱ्याच्या मोठ्या भावाचा साडू.”

संस्कृती वहीत उतरवत गेली. भागिरथाबाईंना पहिल्यांदा इंग्रजांचं कौतुकच वाटलं. चोथ्यालाही वेगळं नाव ठेवणारी माणसं, उगाच नाही इतकी वर्षं राज्य केलं. त्यांना धड लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणून डोक्यात जागा भरपूर होती. कुणाच्या लग्नात वरण खारट झालं होतं, तेही त्यांना तिथीसकट आठवे. बुधवारचा हा पाठही तसाच डोक्यात जाऊन बसला.

शनिवारी न्हाणीघराची कडी आतून अडकली आणि पंजाबराव अर्धा तास आत राहिले. बाहेर आल्यावर संस्कृतीने उजळणी म्हणून विचारलं, “आबा, झॅक्स?”

“दाराची कडी आतून अटकली तं बाहेरून काढाची युक्ती,” पंजाबराव म्हणाले.

भागिरथाबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. बुधवारी चोथा आणि शनिवारी कडी. त्यांनी सुपातल्या शेंगा बाजूला सारल्या, पेटीतून ब्लाउजपीस काढलं आणि मागच्या गल्लीत मेहरुन्निसाकडे गेल्या. मेहरुन्निसा शिवणकाम करी. तिची नात यूसरा संस्कृतीच्याच वर्गात होती.

“यूसरा, त्या कागदावरच्या शब्दाइचे अर्थ येतात का तुले?”

“येतात ना आजी. एजाजचाचानं मोबाइलवर काढून देल्ले. लिहून देऊ?”

“लिहून कायले? तू बोल. मी डोक्यात ठेवतो.”

मशीन चालू लागलं आणि यूसरा सांगू लागली. घरावर कौलांच्या जागी दगडाच्या पातळ पाट्या घालतात, त्या कापायचं हत्यार म्हणजे झॅक्स. रशियात सक्तमजुरीवर धाडलेला कैदी, तो झेक. बर्फातल्या लोकांची कातड्याची नाव, ती उमियाक, शेवटी के नाही, क्यू. गाय आणि याक यांचं मिळून झालेलं वासरू, तो झो. अरबांचा बाजार, तो सूक, तोही क्यूचाच.

“सूक, काझी, फकीर,” मेहरुन्निसा दोरा तोडत म्हणाली. “हे तं आमच्याच घरातले, भागिरथाबाई. अंग्रेजनं बी शेजाऱ्याकडूनच नेलं म्हणा.”

“नेईना का. पण नेलं तं अर्थासकट नेलं,” भागिरथाबाई म्हणाल्या. “आमच्याकडं अर्थ इथंच तयार होऊन राह्यले.”

चाळीस शब्द पाठ व्हायला दोन ब्लाउज आणि एक परकर लागला.

घरी येऊन त्यांनी संस्कृतीला जवळ बसवलं. “आयक. झॅक्स म्हणजे दगडाच्या पाट्या कापाचं हत्यार. चोथा नाही, कडी नाही.”

संस्कृतीने आजीकडे पाहिलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. “आजी, तुले इंग्रजी येते?”

भागिरथाबाई उठल्या आणि काही कारण नसताना रांजण घासायला घेतला.

रविवारी सकाळी संस्कृतीच्या वर्गातल्या दोन मुली आबांकडून अर्थ उतरवून घ्यायला आल्या. दहा वाजता सात झाल्या. बारा वाजता ओसरीत एकोणीस पोरं मांडी घालून बसली होती, पंजाबराव सांगत होते आणि नीलिमा तिसऱ्यांदा पोहे भिजवत होती. न्हाणीघराची कडी अजून बिघडलेलीच होती, पण पंजाबरावांना चहा मिळाला होता, म्हणून झॅक्स पुन्हा चोथा झाला. दुपारी पोरांच्या आया येऊन गेल्या. कुणी ताक आणलं, कुणी ओल्या हरभऱ्याच्या डहाळ्या. संध्याकाळी खुद्द मॅडम आल्या. त्या नव्या होत्या, अकोल्याहून आलेल्या, आणि एवढ्या वह्या भरलेल्या पाहून हरखल्या.

“काका, उद्या निवड आहे. परीक्षक म्हणून तुम्हीच याल का?”

पंजाबरावांचा हात काळ्या चष्म्याकडे गेला. त्या वेळी ते ‘नाही’ म्हणू शकले असते.

“येतो ना,” ते म्हणाले. “त्यात काय अवघड आहे?”

मॅडम गेल्यावर भागिरथाबाईंनी प्रयत्न करून पाहिला. “इवाई, डोळ्याले तरास व्हइन. उद्या राहू द्या.”

“डोळ्याचं काम नाही, इहीनबाई. डोक्याचं आहे.”

भागिरथाबाईंनी हिशेब मांडला. उद्या एकोणीस पोरांचं खोटं खरं ठरणार आणि एकट्या यूसराचं खरं खोटं ठरणार. आपली नात निवडून वाशिमला जाणार, तिथे चार गावांच्या लोकांत उभी राहून उमियाक म्हणजे साडू असं सांगणार. तिथे व्याह्याचा मान कुणी राखणार नव्हतं. आणि इथे बोलावं, तर भरलेलं ताट दिसत होतं.

सोमवारी त्या इस्त्रीचं लुगडं नेसून शाळेत गेल्या आणि मागच्या भिंतीला टेकून बसल्या. पोरांचे आई-बाप धरून सत्तर माणूस होतं. पंजाबराव टेबलामागे, गळ्यात मॅडमनी दिलेला बिल्ला.

यूसराने तिसऱ्याच डावाला झॅक्स मांडला.

“अर्थ?” पंजाबराव म्हणाले.

“छतावरच्या दगडी पाट्या कापायचं हत्यार.”

“चोथा, चोथा,” पोरं कुजबुजली.

पंजाबरावांनी वर्गावरून चष्मा फिरवला. “चूक.”

यूसरा रडली नाही. तिने फक्त मागच्या भिंतीकडे पाहिलं. हाच शब्द तिने परवा भागिरथाबाईंकडून चार वेळा म्हणवून घेतला होता.

भागिरथाबाई पदर सावरून उभ्या राहिल्या. आवाज अगदी मऊ ठेवला. “इवाई, तुमचं बोलणं तोडत नाही. मले समजून घ्या लागते फक्त. बुधवारी झॅक्स चहाचा चोथा होता. शनिवारी तो कडी काढाची युक्ती झाला. रविवारी पुन्हा चोथा. आज सोमवार आहे. आज काय धरू?”

पंजाबराव वर्गाचं छत पाहू लागले.

मॅडमनी संस्कृतीची वही मागितली. झॅक्सपुढे दोन्ही अर्थ होते, तारखांसकट, आणि बाजूला पेन्सिलने बारीकसं प्रश्नचिन्ह.

“तुला शंका आली होती, मग विचारलं का नाहीस?”

“आजीनं सांगितलं आहे, आबाचं बोलणं तोडाचं नाही.”

सत्तर माणसांनी भागिरथाबाईंकडे पाहिलं. घरचा नियम असा भर शाळेत अंगावर येईल, हे त्यांच्या ध्यानी नव्हतं.

“मग खरे अर्थ कोणते, काकू?” मॅडमनी विचारलं.

भागिरथाबाईंनी डोळे मिटले आणि मेहरुन्निसाचं मशीन आठवलं. झॅक्स, झेक, झो, सूक, उमियाक. एकामागून एक येत गेले. मॅडम मोबाइलवर ताडून पाहत होत्या आणि दर शब्दाला त्यांच्या भुवया थोड्या वर जात होत्या. एकोणचाळीस झाले.

“आणि कोफ?”

कोफच्या वेळी मेहरुन्निसाचा दोरा तुटला होता आणि भागिरथाबाई सुई ओवून द्यायला उठल्या होत्या. भागिरथाबाईंनी पुन्हा डोळे मिटले. काही आलं नाही. काहीतरी सांगून टाकावं, कातड्याचं, दगडाचं, कशाचंही, असं त्यांच्या जिभेवर आलं. समोर टेबलामागे काळा चष्मा त्यांच्याकडेच पाहत होता.

“मले माहीत नाही,” त्या म्हणाल्या.

आढं कोसळेल असं त्यांना वाटलं होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या, “हिब्रू भाषेतलं एक अक्षर आहे, काकू,” आणि मोबाइल ठेवून दिला. मग एकाएकी त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे काकांनी मुद्दाम खोटे अर्थ सांगितले. मुलं विचारतात, की नुसतं उतरवून घेतात, ते पाहायला.”

“मुद्दामच,” पंजाबराव म्हणाले. “नाही तं काय.”

टाळ्या पडल्या. यूसराची निवड तिथेच झाली. पंजाबरावांना शाल आणि गुलाबाचं रोप मिळालं. दुसऱ्या जागेसाठी गुरुवारी पुन्हा परीक्षा, असं मॅडमनी सांगितलं, आणि या खेपेला परीक्षक त्या स्वतः राहिल्या.

तीन दिवस संस्कृती शेंगांच्या सुपापुढे बसून आजीकडून चाळीस शब्द शिकली. ‘तुले इंग्रजी येते?’ असं तिने पुन्हा विचारलं नाही. गुरुवारी दोन शब्द आले नाहीत, तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणाली. दोनच शब्दांचे गुण गेले, आणि दुसरी जागा तिची झाली.

संध्याकाळी नीलिमाने शिरा केला. पंजाबराव शाल पांघरून खुर्चीत बसले होते. “शेवटी माह्या शिकवण्याचा गुण आला म्हणा,” ते म्हणाले. “आता माहं काम झालं. उद्या सकाळच्या गाडीनं निघतो.”

ओसरीत परकं कुणी नव्हतं. भागिरथाबाईंनी ते एकदा पाहून घेतलं. मग शिऱ्याची बशी व्याह्याच्या हातात दिली, समोर पाट ओढून बसल्या आणि म्हणाल्या,

“इवाई, तुमचं बोलणं म्या तोडलं नाही, आताबी तोडत नाही. म्या दोन बुकं शिकलेली बाई. इंग्रजीचे चाळीस शब्द दोन ब्लाउज अन् एका परकरात पाठ केले. तुमाले मी तीनच देतो, तेबी मराठीचे. मले. माहीत. नाही. सोमवारी सत्तर लोकाइसमोर म्या म्हणून पाह्यलं, जीभ झडत नाही. हे तीन पाठ झाल्याबिगर इंझोरीची गाडी नाही. बसा.”