डोमाजीमामांचा अर्धा शब्द

डोमाजीमामा कोणालाही पूर्ण शब्द देत नाहीत. अर्धा देतात. उरलेला अर्धा ज्याचा त्याने काढायचा.

लग्नात नवरदेव नाव घ्यायला उभा राहून अडखळला, की मागून कुठून तरी बारीक आवाज येतो, "चां…" आणि नवरदेव सुटतो, "चांदीच्या ताटात…" शोकसभेत वक्त्याला शब्द सुचेना झाला, की भिंतीआडून येतं, "म…" वक्ता म्हणतो, "मनमिळाऊ होते!" मागच्या निवडणुकीत एक पुढारी आमच्या चौकात भाषणाला आले. ऐन रंगात त्यांच्या हातातले कागद उलटेसुलटे झाले आणि साहेब गप्प. मामा स्टेजच्या मागे बिडी ओढत बसले होते. तिथूनच म्हणाले, "वि…" साहेब गरजले, "विकास!" टाळ्या पडल्या. तो विकास अजून आमच्या गावात पोचलेला नाही, पण त्यात मामांचा दोष नाही. मामांनी अर्धाच दिला होता.

मामांचा मूळ धंदा प्रॉम्टरचा. दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं उभी राहतात. आज एक नाटक, उद्या दुसरं. नट पाठ करणार कधी? विंगेत पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्टर ओळ फेकतो, नट झेलतो. मामांनी उभी हयात ओळी फेकल्या. राजे, दरोडेखोर, खाष्ट सासवा, सगळे मामांच्या तोंडून बोलले. पोस्टरवर मामांचं नाव एकदाही आलं नाही. मला याचा संताप येतो. मामांना येत नाही.

"प्रॉम्टर दिसला तं नाटक पडलं, पोरी," ते म्हणतात. "आपण अर्धं द्यावं. पुरं देलं तं नट आळशी होते. काईच नाई देलं तं मरते."

दोन वर्षांपूर्वी यशोदामामी आजारी पडल्या, तेव्हापासून मामांनी नाटकमंडळासोबत बाहेरगावी जाणं सोडलं. गाव म्हणालं, म्हातारा थकला. आणि अशा थकलेल्या मामांना आमच्या गावचा नट गणपतभाऊ माझ्या चित्रमंडळात घेऊन आला.

आमचं चित्रमंडळ म्हणजे एक मोबाईल, एक तिपाई, एक माईक आणि हौस. लग्नाचे व्हिडिओ काढणारा प्रफुल्ल कॅमेऱ्यावर. लिहिणारी आणि दिग्दर्शक मी. नट सगळे नाटकातले. त्यामुळे कामाची पद्धतही नाटकाचीच: आधी नारळ, मग पात्रवाटप, मग रुसवे, मग चहा, मग दुसऱ्यांदा पात्रवाटप. प्रॉम्टर नाही म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी बिनचाकाची बैलगाडी जुंपायला निघाले होते.

आता हा सिनेमा कशासाठी, ते सांगते. राग येईल, पण सांगते.

लाखांदूरहून आत असलेल्या आमच्या गावाला एक पांदण आहे. पांदण म्हणजे शेतांत जायचा सगळ्यांचा रस्ता. नकाशावर ती आजही बैलगाडी जाईल एवढी रुंद आहे. जमिनीवर तिची पायवाट झाली. कारण आमच्याकडे बांधांना पाय आहेत. दरवर्षी कुदळीचे चार घाव, आणि बांध जरासा पांदणीत सरकतो. चोर एक नाही, सगळे. सजा कोणाला? गाडी जात नाही म्हणून धानाचे भारे डोक्यावर वाहणाऱ्या बायांना. बांध सरकवणार पुरुष आणि मान मोडणार बाईची! सरकारने रेघ मारून अख्ख्या जिल्ह्याचे दोन केले, भंडारा इकडे, गोंदिया तिकडे. आमच्या गावाला एक रेघ जागेवर ठेवता येत नाही.

मी पत्रकं काढली. जळजळीत काढली. हॉटेलवाल्याने त्यांत भजी बांधून दिली. म्हणून सिनेमा. तो रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, आधीच्या ग्रामसभेत दाखवायचाच, असं आम्ही ठरवलं. एकदा चिखल झाला की बांधाला कोणी हात लावत नाही, म्हणजे आणखी एक वर्ष भारे बायांच्या डोक्यावर.

आमचा हिरो गणपतभाऊ. आवाज असा, की म्हैस रवंथ थांबवते. सिनेमात तो शेवटी रडून पांदणीतला बांध मागे घेतो. प्रत्यक्षात गावात सगळ्यांत पुढे सरकलेला बांध त्याचाच. मग त्याने हे काम घेतलं कसं? हिरोचं होतं म्हणून! गोष्ट कोणाविषयी आहे, हे त्याने विचारलंच नाही. त्याने फक्त विचारलं, "रडाचा सीन आहे ना?"

पहिल्याच शॉटला मी "ॲक्शन" म्हणाले. गणपतभाऊने हात वर नेला, छाती फुगवली आणि कॅमेऱ्यामागून आवाज आला, "का…"

"काय गुन्हा केला मी!" गणपतभाऊ गरजला.

"कट! मामा, सिनेमात प्रॉम्टर नसते!"

"मंग त्याइले आठवते कसं?"

"पाठ करतेत!"

"हे?" मामांनी गणपतभाऊकडे बोट केलं. "याले सोताच्या सासऱ्याचं नाव आठवत नाई बापा."

"नाईच आठवत जी," गणपतभाऊ मोकळेपणाने म्हणाला.

मी मामांना घरी पाठवलं. पुढचा शॉट लावला. ॲक्शन. गणपतभाऊचा हात वर गेला आणि वरच राहिला. तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. आम्ही थांबलो. त्याच्या पायांवरून मुंग्या गेल्या. तळ्याकडे निघालेल्या म्हशी फ्रेममधून गेल्या, त्यातली एक थांबून त्याच्याकडे बघून गेली. शेवटी हात तसाच ठेवून तो म्हणाला, "मामाले बोलाव ना जी, खांदा दुखून राहिला."

बोलावलं. करते काय! मामांना माईकपासून दूर झाडामागे बसवलं. ऐकू येईना म्हणून ते पुढे सरकले. बांधासारखे, दर शॉटला जरासे. बैलगाडीतल्या धानाच्या तणसाखाली लपवलं, तर संवादाच्या मधे शिंकले. माझ्या लिखाणावरही त्यांचा आक्षेप होता.

"अतिक्रमणाची ही सरंजामी प्रवृत्ती समूळ उखडून… सुजाता, हा संवाद आहे का पत्रक? याचा अर्धा शब्द कुठून तोडू मी?"

"तसाच म्हणा. लोकांना कळलं पाहिजे."

"लोकाइले कळंल. गणपतच्या दाताइले नाई कळनार."

गणपतभाऊने प्रयत्न केला. "सरंजामी"चं "सरबत" झालं. त्या दिवशी मी ती ओळ कापली. मामांचं ऐकून नाही. ऊन उतरत होतं म्हणून.

जेवणाची सुट्टी झाली, की मामा घरी पळायचे. सगळे झाडाखाली डबे सोडायचे, वांग्याची भाजी इकडून तिकडे फिरायची. कोणी कितीही आग्रह केला तरी मामा थांबायचे नाहीत. "तिकडं एक प्रवेश अडला आहे," म्हणायचे आणि टायरच्या चपला फटफटवत निघायचे. आम्ही हसायचो. म्हाताऱ्याला बायकोच्या हातचंच लागतं, असं गणपतभाऊ म्हणाला.

ग्रामसभेच्या दोन दिवस आधी प्रफुल्लने कानाचे हेडफोन काढून माझ्या हातात दिले. "मॅडम, आयका. हिरो बदलला."

ऐकलं. प्रत्येक संवादाच्या आधी मामा. भांडणात मामा, रडण्यात मामा. सासूच्या तोंडी मामा. बैल हंबरतो, त्याच्याही आधी कोणीतरी "हं…" म्हणतं. मी रागाने लाल झाले. आवाज पुसता येईना, कारण मामांचा अर्धा शब्द आणि नटाचा पूर्ण शब्द एकमेकांना चिकटलेले. पुन्हा शूटिंग करायला वेळ नव्हता. शेवटचा शॉट तर सगळ्यांत वाईट: गणपतभाऊ डोळ्यांत पाणी आणून उभा, मामा म्हणतात "बां…", गणपतभाऊ रडण्यात इतका रंगलेला की त्याला ऐकूच येत नाही, मामा पुन्हा म्हणतात "बां…", आणि मग कुठे तो बोलतो.

"दाखवू नको," मी म्हणाले. "हसं होईल. पांदणीचंही हसं होईल."

"मंग काय दाखवाचं?" प्रफुल्ल म्हणाला. "पत्रक?"

दाखवला. दिवेलागणीला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. पुढे बाया, मागे पुरुष, ओट्यावर सरपंचताई आणि सदस्य. मामा भिंतीमागे. मी डोळे मिटून बसले होते.

पहिला अर्धा शब्द ऐकू आला आणि लोक हसले. मला माहीतच होतं. दुसऱ्याला पुन्हा हसले. तिसऱ्याला हसण्याच्या आधी कोणीतरी बाई सहज शब्द पूर्ण करून मोकळी झाली. मग दुसरी. मी डोळे उघडले. हे लोक जन्मापासून नाटकं बघत आलेले. प्रॉम्टरची सुरुवात आणि नटाचा शब्द यांच्या मधली ती फट त्यांना पाठ. भिंतीवर मामा अर्धा शब्द टाकत होते आणि नटांच्या आधी गाव तो उचलत होतं. "भा…" आलं की पुढच्या रांगेतल्या बाया म्हणत, "भारा! मान मोडली जी आमची!" मान मोडल्याची ओळ मी लिहिलेली नव्हती.

आणि तो शेवटचा शॉट आला. भिंतीवर गणपतभाऊचं भलंमोठं तोंड, गालावर पाणी.

"बां…"

भिंतीवरचा गणपतभाऊ नुसता हुंदके देत होता.

"बां…"

"बांध मागं घेतो!" अख्खं गाव ओरडलं. बाया ओरडल्या, पुरुष ओरडले, ज्यांचे स्वतःचे बांध पांदणीत पाय पसरून बसलेले तेही ओरडले. आणि ओरडून झाल्यावर सगळ्यांच्या माना एकदम वळल्या, खऱ्या गणपतभाऊकडे.

गणपतभाऊ नट आहे. एवढे डोळे एकदम आपल्यावर आले की काय करायचं, हे त्याला एकच माहीत. तो उठला. छातीवर हात ठेवला. "बांध मागं घेतो!" अशा आवाजात म्हणाला, की भिंतीवरचा गणपतभाऊ त्याच्यापुढे फिका पडला. टाळ्या!

सरपंचताई उभ्या राहिल्या. "गणपतभाऊ, हे सिनेमातलं का खरं?"

गणपतभाऊने इकडेतिकडे बघितलं. त्याची बायको पहिल्याच रांगेत बसली होती, मानेला हात लावून. टाळ्या थांबल्या नव्हत्या.

"टाळ्या पडल्यावर कोणता नट डायलॉग मागं घेते जी?" तो म्हणाला. "खरं."

"आनि बाकीचे? आता सगळेच वरडले ना?" ताईंनी विचारलं. "मी आयकलं. बायाइनं आयकलं. लिवा ठराव."

एवढी पत्रकं काढली मी! एवढा जळजळीत मजकूर! आणि पांदण उघडली ती एका अर्ध्या शब्दाने. रोवणीच्या आधी नकाशा धरून रेघ मारली, बांध मागे गेले. पहिली बैलगाडी गणपतभाऊच्या बायकोने हाकली. गणपतभाऊ मागून चालत होता, कोणी फोटो काढतं का बघत. हरल्यासारखा तो दिसत नव्हता. कोणीच दिसत नव्हतं. जिंकलेल्या गावात हरलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदाच शोधला आणि तो मला सापडला नाही.

ग्रामपंचायतीने मामांसाठी शाल काढली. मामा घ्यायला आले नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती घेऊन त्यांच्या घरी गेले.

यशोदामामी ओसरीत बसल्या होत्या. अंगणात शेजारीण सूप घेऊन उभी. "काय रांधलं जी आज?" तिने विचारलं. मामी हसल्या. ओठ हलले, पण काही आलं नाही. हात हवेत काहीतरी शोधू लागला. तेवढ्यात दारामागून आवाज आला. बारीक, मला पाठ झालेला.

"वां…"

"वांगे," मामी म्हणाल्या. "वांगे केले."

"तं रस्सा धाडजो मले," म्हणत शेजारीण गेली.

मी कुंपणाशीच थांबले. मामी लकव्यातून उठल्या, हातपाय सुटले, एवढंच गावाला माहीत होतं. शब्द मागे राहिले होते, हे कोणाला कळलं नव्हतं. दारामागे उभा असलेला माणूस ते कळू देणारा नव्हता. रोज जेवणाच्या सुट्टीत अडलेला प्रवेश हा होता.

मामांनी मला बघितलं. लाजल्यासारखे बाहेर आले. "सगळं येते तिले," म्हणाले. "सुरुवात द्या लागते फक्त. बाकीचे लोकं पुरा शब्द देऊन टाकतेत ना पोरी. मंग तिले बोलाले काय उरते?"

मी शाल पुढे केली. "प्रॉम्टरले शाल नसते," ते म्हणाले. "तिले दे."

मी मामींच्या खांद्यावर शाल घातली. त्यांनी ती चाचपली, मग खांद्यावरून काढून मामांकडे धरली. माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हे… याइची… हे…" आणि अडकल्या. डोळे मामांवर, ओठ उघडे.

गावभर अर्धे शब्द वाटणारा तो माणूस खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने शेणाने सारवलेली जमीन उकरत होता. स्वतःचं नाव त्यांनी आयुष्यात कोणाला दिलेलं नव्हतं.

मी मामींच्या मागे जाऊन बसले. तोंडाशी हात धरला.

"डो…"

मामींनी मान वळवली नाही. कोंबडी ओसरीवर चढली आणि उतरली.

"डोमाजी," मामी म्हणाल्या.

मामा तरातरा आत गेले. चहाचं भांडं आदळल्याचा आवाज आला. मामींनी शाल मांडीवर घेतली, तिच्या काठावरून बोट फिरवलं आणि पुन्हा म्हणाल्या, "डोमाजी."

या वेळी कोणी काही दिलं नव्हतं.