मर्ल हॅस्केटची बटणविद्या

मर्ल हॅस्केटचं उजवं मनगट टम्म सुजलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठे पडलात?"

"बागेत," मर्ल म्हणाला.

त्याच्या घरापुढे बाग नव्हती. नेवाडातल्या स्पार्क्स गावी बऱ्याच घरांपुढे असते तशी खडी होती आणि खडीत एक रुसलेलं निवडुंग. मनगट गेलं होतं ते ब्रास म्यूल कॅसिनोत, चित्रांची चाकं फिरवणाऱ्या जुगाराच्या यंत्राचं, म्हणजे स्लॉट मशीनचं बटण बडवून बडवून. पण शाळेची बस चालवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने हे डॉक्टरला कोणत्या तोंडाने सांगायचं?

मर्लची स्वतःची एक विद्या होती. बटण दाबून चाकं फिरवणं कोणालाही जमतं, खरी कला त्याच्या पुढे. मशीन पिकलंय का याचा आधी अंदाज घ्यायचा, मगच दाबायचं. मग डोळे बारीक करून नेमक्या क्षणी दुसरा फटका हाणायचा, की चाकं आपल्याला हवी तिथे थांबतात. लोकांचे पैसे जातात ते कधी दाबायचं हे न कळल्यामुळे, असं तो छातीठोकपणे सांगे. त्याचे स्वतःचे जात, ते मशीन कच्चं निघाल्यामुळे.

कॅसिनोतल्या योलांडाने त्याला कितीदा तरी समजावलं होतं. "मिस्टर मर्ल, तुम्ही पहिल्यांदा बटण दाबता ना, तेव्हाच काय यायचं ते ठरलेलं असतं. दुसऱ्या फटक्याने चाकं फक्त लवकर थांबतात. म्हणजे पैसे लवकर संपतात, एवढंच."

"तुला कॅसिनो पगार देतं, पोरी. तू आणखी काय सांगणार?"

त्याची बायको आर्लीन या वादात पडत नसे. ती शेजारच्या स्टुलावर बसून लोकरीचे मोजे विणायची. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, समुद्र बघायचा होता. नेवाडाच्या वाळवंटात जन्मली, तिथेच लग्न झालं, तिथेच केस पिकले. दर उन्हाळ्यात मर्ल म्हणायचा, "या वर्षी नक्की," आणि दर उन्हाळ्यात समुद्राचे पैसे एखाद्या पिकत आलेल्या मशीनच्या पोटात जायचे. हल्ली तिने विचारणंही सोडलं होतं, आणि ते मर्लला मनगटापेक्षा जास्त दुखत होतं.

म्हणून कॅसिनोतल्या मंगळवारच्या ज्येष्ठांच्या स्पर्धेचं बक्षीस वाचून तो जागच्या जागी उडालाच. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर दोघांसाठी एक आठवडा, आणि खोलीची खिडकी समुद्राकडे!

"आर्लीन, तू खेळ," पट्टी बांधलेला हात नाचवत तो म्हणाला. "डोकं माझं, हात तुझा."

"तुझा डावा हात आहे की."

"डावा या बाबतीत अडाणी आहे."

आर्लीनने नाव दिलं. आता बटणाला फक्त तिनेच हात लावायचा, असा नियम होता. खेळ सोपा होता. पैसे घालायचेच नाहीत, घंटा झाली की फुकट फिरवत सुटायचं आणि दुसरी घंटा होईपर्यंत गुण जमवायचे. दोन फेऱ्या होत्या, त्यातली चांगली धरायची.

पहिली घंटा झाली. रांगेतले सगळे म्हातारे-म्हाताऱ्या धुणं आपटावं तसे बटणं आपटू लागले. आर्लीनने हात उचलला.

"थांब!" मर्ल मागून ओरडला. "अजून कच्चं आहे."

"अरे, सगळे दाबताहेत."

"सगळे हरणार आहेत. थांब... थांब... दाब! आता दुसरा फटका! उशीर केलास!"

"ओरडू नकोस. दोन्ही कानांत ऐकायची मशीनं लावलीत मी, सगळं ऐकू येतंय."

"मग ऐकत का नाहीस? थांब!"

शेजारच्या स्टुलावर डेल्फिन होती. पूर्वी ती पार्लर चालवायची. इकडे आर्लीनची चाकं एकदा फिरेपर्यंत डेल्फिनची पुन्हा पुन्हा फिरून येत होती. आर्लीनचे गुण हलायला तयार नव्हते. शेवटी मर्लला राहवेना. त्याने तिच्या खांद्यावरून डावा हात घातला आणि स्वतःच बटण हाणलं.

योलांडा धावत आली. "मिस्टर मर्ल! पुन्हा हात घातलात तर मॅडम बाद होतील."

घंटा झाली. फळ्यावर आर्लीनचं नाव सगळ्यांत खाली होतं. तिच्याखाली एक गृहस्थ होते, पण ते आलेच नव्हते.

आर्लीन स्टुलावरून उठली. पर्स घेऊन बाथरूममध्ये गेली. मर्ल तिथेच उभा राहिला. खिडकी, समुद्र, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं, आणि या खेपेला तर पैसेही गेले नव्हते. आपलंच चुकलं का, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण विद्येवरचा विश्वास इतक्या सहज थोडाच जातो!

आर्लीन तोंड धुऊन, लिपस्टिक लावून परत आली आणि शांतपणे स्टुलावर बसली. दुसरी घंटा झाली.

"थांब!" मर्ल ओरडला.

आर्लीनने शेजारी पाहून मान हलवली आणि बटण दाबलं.

"बरं, चालेल! आता थांब! आता दुसरा!"

तिने बिस्किटांचं पीठ तिंबावं तसे दोन्ही तळवे आलटून पालटून चालवले. मध्येच डेल्फिनकडे पाहून हसली, तिने दाखवलेल्या नखांच्या रंगाला मान डोलावली आणि पुन्हा बडवू लागली. मर्लचा घसा बसला. पण काय आश्चर्य, गुण चढत होते. आपले हुकूम बायको किती चपळाईने पाळते आहे, हे पाहून त्याचा ऊर भरून आला.

घंटा झाली. आर्लीनचं नाव सगळ्यांच्या वर होतं.

लोक जमले. मर्ल खुर्चीला टेकून प्रवचन द्यायला लागला. "एकेक फटका मी सांगितलेला आहे, एकेक! कोण म्हणतं, खेळणाऱ्याच्या हातात काही नसतं?"

"मलाही शिकवा ना," डेल्फिन म्हणाली.

योलांडाने आर्लीनचा हात धरला. "अभिनंदन, मॅडम! कसं वाटतंय?"

आर्लीनने तिला थांबायची खूण केली. पर्स उघडली, पेपरमिंटच्या गोळ्यांखालून एका कानाचं मशीन काढलं, मग दुसऱ्या कानाचं काढलं आणि दोन्ही कानांत नीट बसवली.

"हं, आता बोल. काय म्हणालीस?"

मर्ल वाकून तिच्या कानाकडे पाहू लागला.

"कधी काढलीस ती?"

"बाथरूममध्ये."

"म्हणजे... थांब म्हटलं तेव्हा? दुसरा फटका म्हटलं तेव्हा?"

"तू बोलत होतास होय? मला वाटलं, श्वास घेताहेस जोरजोरात."

सगळा घोळका हसला. मर्लही हसला, पण जरा उशिराने. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "म्हणजे माझं काहीच चाललं नाही."

"असं कसं? स्पर्धेत नाव माझं द्यायचं हे तूच ठरवलंस ना? तेवढं बरोबर ठरवलंस."

पुढच्या महिन्यात दोघं ओरेगॉनच्या वाळूवर, एका ओंडक्यावर बसली होती. आर्लीन कितीतरी वेळ नुसती बघत होती, आणि तिच्याकडे बघून मर्लचे डोळे भरून आले. ते लपवायला तो लाटांकडे वळला. थोड्या वेळाने त्याने डोळे बारीक केले.

"यांच्यातही काहीतरी हिशेब आहे हं. ही बारकी. हीसुद्धा कच्ची. थांब... थांब..."

आर्लीनचा हात कानाकडे गेला. मर्ल चटकन गप्प झाला.

पण तिने मशीन काढलं नाही. वाऱ्याने सैल झालेलं ते बोटाने आत ढकललं आणि त्याच्या जवळ सरकली.

"सांग ना," ती म्हणाली. "मोठी कोणती?"