परवापर्यंतचा जावई

"कोर्टाचं मला सांगू नका!" हे हैबतीचं लाडकं वाक्य. आणि त्याला सांगायची कोणाची टाप नव्हती. मुंबईत, कोर्टाच्या अगदी समोर, त्याने उभी हयात चहाचं कँटीन चालवलं होतं. कोणता वकील बिनसाखरेचा पितो, कोणता केस हरल्यावर लागोपाठ दोन कप पितो, सगळं तोंडपाठ! यातून कायदा कसा काय कळतो, हे विचारायची कापडे गावात पद्धत नव्हती.

तेव्हा लेकीचं कोर्टाचं काम निघाल्यावर त्याने मिशीवरून हात फिरवला. "आठ दिवसांत उरकतो!"

काम असं होतं. हैबतीची समीक्षा नर्स. लग्न करून नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला गेली. नवरा राजेश महाडजवळच्या वरंध गावचा, तिथे हॉटेलात शेफ. दोघांचं भांडण कधी झालं नाही, पण जमलंही नाही. दोन वर्षं वेगळी राहिली आणि तिथल्या कोर्टातून गुण्यागोविंदाने घटस्फोट घेऊन मोकळी झाली. समीक्षा गावी परतली, महाडच्या दवाखान्यात लागली. दवाखान्याखाली सुहासचं औषधांचं दुकान. गोळ्या आणता आणता दोघांचं ठरलं. रजिस्टर लग्न करायचं म्हणून तिने न्यूझीलंडचा शिक्क्याचा कागद कचेरीत नेला. तिथल्या साहेबांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला.

"कागद झकास आहे हो," ते म्हणाले, "पण इथल्या कायद्याने तुमचं पहिलं लग्न अजून शाबूत आहे. कोर्टाचा हुकूम आणा."

"म्हणजे तिकडे मी घटस्फोटित आणि इकडे सौभाग्यवती?" समीक्षाने घरी येऊन कपाळाला हात लावला.

"इमानात कुठंतरी बदलत असंल," हैबती म्हणाला.

महाडच्या वकील राजनंदिनीताईंनी नीट समजावून सांगितलं. पटत नाही एवढ्यावर तिकडे सोडतात, आपल्या हिंदू विवाह कायद्यात ते कारण बसत नाही. म्हणून दोघांनी राजीखुशीने इथे अर्ज करायचा, तिकडचा हुकूम जोडायचा आणि जज्जसाहेबांसमोर जबाब द्यायचा. राजेशने मोठ्या मनाने होकार कळवला. अर्ज गेला, तारीख लागली, आठवड्याची रजा काढून राजेश निघाला.

"हैबतीकाका, एकच सांभाळा," ताई म्हणाल्या. "दोघं वर्षाहून जास्त काळ वेगळी राहतायत, हा आपल्या अर्जाचा कणा आहे. जबाब होईपर्यंत ती एका घरात दिसता कामा नयेत!"

"कोर्टाचं मला सांगू नका!" हैबती म्हणाला.

राजेश महाडच्या स्टँडवर उतरला तो धो धो पावसात. वरंधच्या घराला कुलूप, आईवडील डोंबिवलीला भावाकडे. त्याने लॉजवर खोली सांगून ठेवली होती. पण त्याला न्यायला हैबती छत्री घेऊन हजर!

"मामा, तुम्ही कशाला आलात? मी लॉजवर..."

"लॉजवर? मी जिवंत असताना? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

आता खरं सांगायचं तर हैबतीचा या पोरावर जीव होता. घटस्फोटानंतरही राजेश दर रविवारी फोन करायचा, मामा गुडघा कसा आहे विचारायचा. हैबतीच्या गुडघ्याची चौकशी घरात दुसरं कोणी करत नव्हतं. त्याने राजेशची बॅग उचलली आणि कापड्याला जायला पोलादपूरच्या एसटीत टाकली. वकीलबाई, कणा, कायदा, सगळं स्टँडवरच राहिलं!

दारात समीक्षाची आई ठकूबाई आरती घेऊनच उभी होती.

"आई!" समीक्षा ओरडली. "याला इथं का आणलंत? आणि ही आरती कसली?"

"धोंड्याचा महिना हाय गो. तीन वरसांनी येतो. जावई दारात आला नि अनारशाचं वाण न देता पाठवू?"

"तो जावई नाय आता!"

"कोण म्हणतो? ती न्यूझिलंडची माणसं? त्यांना काय इचारायचं! तुझी वकीलबाईच म्हणली ना, हितल्या कायद्यानं लगीन हाय? लगीन हाय तर जावई हाय. परवा कोर्टानं मोडलं की नसंल. परवापर्यंत हाय!"

मुद्दा बिनतोड होता. अनारशांचं पीठ मुरवायला किती दिवस आधी घ्यावं लागतं, हे समीक्षाला माहीत होतं. म्हणजे तारीख लागली त्याच दिवशी आईने तांदूळ भिजत घातले असणार!

राजेश बिचारा भिडस्त. शिवाय शेफ असला तरी अनारसे त्याला जमत नसत. तो मुकाट पाटावर बसला. तेवढ्यात शेजारची प्रयागबाई आली. "एकटा जावई पाटावर बरा दिसतो का? बस गो!" तिने तांब्या घेऊन आलेल्या समीक्षाला खांद्याला धरून शेजारच्या पाटावर दाबलं आणि मोबाइलवर फोटो काढला. मग ज्या बाईला लाइटचं बिल भरायला नातू लागतो, त्या बाईने तो फोटो चुटकीसरशी स्टेटसला टाकला. वर लिहिलं, 'धोंड्याचा जोडा', आणि चार बदाम!

मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपवर तासाभरात अभिनंदनाचा पूर आला. 'संसार जुळला!' 'देव पावला!' 'हैबतीदादांनी कोर्टाबाहेर केस मिटवली!' हे शेवटचं वाचून हैबतीची छाती फुगली. मग समीक्षाने त्याच्याकडे पाहिलं आणि फुगलेली छाती उतरली.

संध्याकाळी दारात मोटारसायकल थांबली. नखशिखांत भिजलेला सुहास! त्यानेही फोटो पाहिला होता. समीक्षा मागच्या दारी भांडी आपटत होती, हैबती गोठ्यात लपला होता. सामोरा गेला राजेश. "या, या! बसा. टॉवेल देऊ?"

"तुम्ही...?"

"मी जावई. परवापर्यंत. आणि तुम्ही?"

"मी... परवानंतर," सुहास म्हणाला.

दोघे ओटीवर बसले. ठकूबाईने सुहासपुढे चहा ठेवला, नुसता चहा. राजेशने आपल्या ताटलीतले दोन अनारसे गुपचूप त्याच्याकडे सरकवले. सुहास ते खाऊन गेला, पण जाताना समीक्षाला म्हणाला, "परवा हुकूम नाही मिळाला तर माझी आई लग्नाचं परत नाव काढणार नाही गो. तिनेही स्टेटस बघितलंय." समीक्षाचे डोळे भरले. हैबतीने गोठ्यातून ते पाहिलं आणि पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, आपण लेकीचं काम करत होतो की बिघडवत होतो?

तारखेच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं कापडे लोटलं होतं! प्रयागबाईच्या हातात नारळ आणि झेंडूचा हार.

"हे काय?" राजनंदिनीताई किंचाळल्याच.

"जोडा परत घरी चालला ना? सत्कार नको?"

ताई मटकन बाकावर बसल्या. तेवढ्यात पुकारा झाला.

जज्जसाहेबांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून राजेशकडे पाहिलं. "तुम्ही दोघं वेगळी राहता?"

"होय साहेब."

"सध्या कुठे उतरलात?"

ताईंनी डोळे मिटले. शपथेवर खोटं बोलणं राजेशच्या रक्तात नव्हतं. "सासऱ्यांकडे, साहेब."

"म्हणजे हिच्याच घरी?"

"होय. धोंड्याचं वाण होतं."

कोर्टात खसखस पिकली. साहेबांनी पेन खाली ठेवलं. हैबतीला राहवलं नाही, तो मागून उठला. "साहेब, लेक माजघरात, जावई ओटीवर! मधे मी दारात आडवा! रातभर घोरत व्हतो, इचारा कोणालाबी!"

"खरंय, साहेब!" प्रयागबाईने नारळ उंचावून साक्ष दिली. "आमच्या घरापर्यंत ऐकू येतो!"

"शांत बसा!" साहेब गरजले. मग समीक्षाकडे वळले. "बाई, अर्जात म्हणता पटत नाही. घरी नेऊन अनारसे खाऊ घालता. यातलं खरं काय?"

समीक्षा उभी राहिली. तिने एकदा मागे आईबापाकडे पाहिलं आणि बोलायला लागली.

"दोन्ही खरं आहे, साहेब. हा चांगला माणूस आहे, पण आमचा संसार झाला नाही. एका घरात दोन भाडेकरू राहावेत तसे राहिलो. मी त्याला सोडलं, त्याने मला सोडलं, न्यूझीलंडच्या कोर्टानेही सोडवलं. साहेब, फक्त माझ्या आईवडिलांनी त्याला अजून घटस्फोट दिलेला नाही!"

प्रयागबाईने हार पिशवीत टाकला. ठकूबाईने पदर तोंडाला लावला. हैबती खाली मान घालून बसला. पोर खरं बोलत होती. त्या दोघांनी कधी तिला विचारलंच नव्हतं की बाई, तू तिकडे सुखी होतीस का?

साहेबांनी न्यूझीलंडचा हुकूम पुन्हा एकदा चाळला. मग त्यांनी राजेशला विचारलं, "तुमच्यावर कोणाची जबरदस्ती?"

"फक्त वाढताना, साहेब," राजेश म्हणाला. साहेबांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"धोंड्याच्या दोन दिवसांनी संसार होत नाही," ते म्हणाले. "ही दोघं कित्येक वर्षं वेगळीच आहेत. एरवी फेरविचाराला सहा महिने द्यावे लागतात. यांना त्याची गरज दिसत नाही. ती मुदत माफ. अर्ज मंजूर."

समीक्षाने तिथेच डोळे पुसले. दाराशी उभ्या सुहासने भिंतीला पाठ टेकली. राजेशने वळून हैबतीला हात जोडले आणि हैबतीला प्रश्न पडला, आता याला हाक कशी मारायची?

"साहेब," तो उठला. कोर्टात कसं उभं राहावं ते त्याला माहीत होतं. "एक अर्ज हाय. तोंडी."

"आता काय?"

"ते सहा महिने... पोरांना नको असतील, तर याला सोडायला आमा दोघांना मिळतील काय?"

सगळं कोर्ट हसलं. साहेबसुद्धा हसले. एकटी ठकूबाई हसली नाही. तिने मागून नवऱ्याचा सदरा ओढला आणि साऱ्या कोर्टाला ऐकू जाईल अशी कुजबुजली, "वरीस मागा, वरीस!"