मसाजीचा आवाज आणि डब्यातली बाई

नातीच्या बारशाला या खेपेला आपण स्वतः जायचं, असं मसाजीनं ठरवलं आणि ते बायकोला बोलूनही दाखवलं. चुकलं ते इथंच. मनातल्या मनात ठरवलं असतं तर मनातल्या मनात मोडताही आलं असतं.

चांगुणाबाईचा भाकरी उलथायचा हात थांबला. "खरंच येता? मंग मेंढरांकडं कोण पाहील?"

आजवर हे वाक्य मसाजीचं होतं. लग्न, जावळ, घरभरणी, कुठलंही बोलावणं आलं की तो सुस्कारा टाकून म्हणायचा, "मेंढरांकडं कोण पाहील?" आणि चांगुणाबाई एकटीच एसटीत बसायची. आज तेच वाक्य तिच्या तोंडून आलं.

तसं त्याचं खोटं नव्हतं. औंढ्याच्या वरच्या माळावर तो मेंढरं चारायचा आणि ती मेंढरं आपल्या आवाजाशिवाय पाय उचलत नाहीत, अशी त्याची खात्री होती. दिवस कलला की कानावर हात ठेवून, गळ्याच्या शिरा ताणून तो हाक द्यायचा, "हुर्रऽर्र... ह्या, ह्या, ह्याऽऽ!" की सगळा कळप माना वर करून त्याच्यामागं चालू लागायचा. (गावातल्या काही बायाही चुलीला जाळ घालायला उठायच्या. त्यांना घड्याळ लागत नव्हतं.) या आवाजाचा मसाजीला फार अभिमान. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्यानं आधी हाक देऊन दाखवली आणि मग त्याचं नाव विचारलं.

पण साधना त्याची एकुलती एक लेक. डोंगरकड्याला दिलेली. तिच्या लग्नात हा गडी अक्षता पडल्याबरोबर माळावर परतला. डोहाळजेवणाला गेला नाही. दवाखाना जवळ म्हणून बाळंतपण सासरीच झालं, चांगुणाबाई राहून आली, हा गेला नाही. साधना तक्रार करत नव्हती. फोनवर "आबा, बरे हाय ना?" एवढं विचारायची आणि म्हणायची, "मायकडं द्या." ते मसाजीला तक्रारीपेक्षा जास्त लागायचं.

बारसं सव्वा महिन्यानं धरलं होतं. पोरगा शिवशंकर हिंगोलीला कापडाच्या दुकानात कामाला होता. तो सुट्टीला घरी आला आणि त्यानं तोड काढली.

"आबा, मेंढरांला तुमचा आवाजच पाहिजे ना? मंग आवाज घरी ठिवा आन् तुमी जा."

त्यानं पिशवीतून लाल रंगाचा, तांब्याएवढा एक डबा काढला. फोनमधलं गाणं यात मोठ्यानं वाजतं म्हणाला. वायर नाही, काही नाही.

आवाज भरायचा म्हटल्यावर मसाजीनं चूळ भरली, डोईला नवा पटका बांधला (आवाजाला पटका कशाला, हे त्याला कुणी विचारलं नाही) आणि फोनसमोर उभं राहून जीव तोडून हाक दिली. शिवशंकरनं ती लावून दाखवली. हाक झकास आली होती. तिच्या शेपटाला चांगुणाबाईचा आवाजही झकास आला होता, "आवं, वरडता काहून? इथंच हाय की मी!"

दुसऱ्यांदा भरली तर कुत्रं भुंकलं. शेवटी चांगुणाबाईला शेजारी धाडलं, कुत्र्याला तिच्यासंगं धाडलं, आणि मग एकदाची हाक निखळ आली. ती ऐकून मसाजीच उदास झाला.

"असा वरडतो मी? घरात कुणी गेल्यावानी?"

"रोज तसंच वरडता," परतलेली चांगुणाबाई दारातून म्हणाली. "आमी कधी काही म्हणलं का?"

शिवशंकरनं डब्याचं बटन दाबलं. आतून एक बाई ठसक्यात इंग्रजी बोलली, "द ब्लूटूथ डिव्हाइस इज रेडी टू पेअर!"

मसाजीनं पटका सारखा केला. "आत कोण हाय?"

"कोणी न्हाई आबा. मशीन बोलते."

"काय म्हणून राहिली?"

"जोडी लावायला तयार हाय म्हणते."

मसाजीनं आधी बायकोकडं पाहिलं. "कुणासंगं?"

"तुमच्या फोनसंगं, आबा."

"मंग लाव," चांगुणाबाईनं परवानगी दिली.

जोडी लागली. शिवशंकरनं डबा मेंढरांच्या वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मधल्या खुंटाला टांगला आणि तो हातपाय धुवायला गेला. तेवढ्यात मसाजीच्या खिशातला फोन वाजला. त्यानं हिरवं दाबलं, कानाला लावला. फोन मुका. आणि वाघरातून साधनाचा आवाज आला, "आबा!"

मसाजी दचकला. जाळी उचलून आत शिरला आणि एकेक मेंढरू बाजूला सारत लेकीला हुडकू लागला. "साधे! कवा आलीस बाई? आन् मेंढरात काहून बसलीस?"

"पुन्हा मेंढरं!" खुंटावरून साधना कडाडली. सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज. "हे पाहा आबा, आजवर मी काही बोलले न्हाई. पण या खेपेला तुमी आले न्हाईत तर मी पोरीचं नावच ठिवत न्हाई. मोठी होऊन तिनं इचारलं, मला नाव काहून न्हाई, तर सांगीन, तुझ्या आज्याला मेंढरं होती बाई!"

शेजारचा भागवत कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. त्याची बायकोही पिठाचे हात घेऊन आली होती. मसाजी मुक्या फोनमध्ये सारखा "येतो बाई, येतो" म्हणत होता आणि साधना विचारत होती, "आता गप काहून बसले?" शिवशंकर ओल्या पायांनी धावत आला.

"आबा, फोनमधी न्हाई, डब्यात बोला!"

तेव्हा मसाजी खुंटासमोर उभा राहिला आणि देवळात उभं राहावं तसे हात जोडून म्हणाला, "येतो बाई. आईची आण, येतो."

भागवतला हसू आवरत नव्हतं, पण माणूस मनाचा चांगला. त्याचा हरभरा माळाला लागूनच होता. तो म्हणाला, "काका, तुमी बिनघोर जा. तुमचा आवाज माझ्या फोनात टाकून द्या. मी आणतो मेंढरं घरी."

मग तालीम सुरू झाली. रोज दिवस कलला की भागवत माळावर डबा घेऊन उभा राहायचा. बटन दाबलं की आधी ती बाई आपलं इंग्रजी बोलायची, मग मसाजीची हाक वाजायची, आणि मेंढरं जवळ आली की भागवत ओंजळभर मका टाकायचा. मेंढरांनी पाहू नये म्हणून मसाजी बाभळीमागं लपून राहायचा. पहिल्या दिवशी मेंढरांनी ढुंकून पाहिलं नाही. पुढं पुढं दोनचार पुढारी माद्या येऊ लागल्या, आणि एक दिवस सगळा कळप मसाजीच्या बाभळीवरून, त्याच्याकडं न बघता, सरळ डब्याकडं गेला.

"जमलं काका!" भागवत ओरडला.

मसाजीचा जीव भांड्यात पडला. पण भांडं जरा रिकामंच वाजलं.

बारशाच्या दिवशी तो चांगुणाबाईसंगं डोंगरकड्याला पोचला तेव्हा साधना दारातच होती. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि आत जाताना दोनदा वळून पाहिलं, बाप खरंच मागं आहे ना म्हणून. मसाजीला वाटलं, एवढ्यासाठी आपण यायला पाहिजे होतं, कधीचंच.

अंगणात मांडव होता, केळीचे खांब लावले होते. पोरगी सकाळपासून रडत होती. बायांनी पाळणा म्हटला, खुळखुळा वाजवला, काही उपयोग नाही. तिसऱ्या प्रहरी नाव ठेवायची वेळ झाली आणि मसाजीचा फोन वाजला. तो मांडवामागं गेला.

"काका, घोटाळा झाला," भागवत धापा टाकत होता. "डबा बंद पडला."

"कसा काय?"

"चार्जिंग संपली. मी आपलं जरा... दुपारभर गाणे ऐकले."

"मेंढरं कुठं हायत?"

"माझ्या हरभऱ्यात! मी फोनवरून तुमची हाक लावली, पण एवढासा आवाज, वाऱ्यात कोण ऐकतं? हाकलतो तर इकडून निघतात, तिकडून शिरतात. काका, तुमीच द्या हाक. मी फोन मोठ्यावर करून त्यायच्या तोंडाशी धरतो."

मसाजीच्या तोंडचं पाणी पळालं. परक्याच्या रानात मेंढरू शिरू द्यायचं नाही, हा त्याचा जन्माचा नेम. बारसं, मांडव, पाहुणे, सगळं तो विसरला. त्यानं कानावर हात ठेवला.

मांडवात त्याच घडीला सगळ्या बाया चिडीचूप झाल्या होत्या. साधनाची नणंद पाळण्यात वाकली होती. पोरीच्या कानात "कुर्रर्र" करून ती नाव सांगणार, आणि मग रीतीप्रमाणं बाया तिच्या पाठीत धपाटे घालणार. सगळ्यांचे हात तयार होते. तेवढ्यात मांडवामागून आभाळ फाटल्यासारखी हाक आली.

"हुर्रऽर्र... ह्या, ह्या, ह्याऽऽ!"

बायांचे हात सुटले. नणंदेच्या पाठीत असे धपाटे बसले की नाव पार डोक्यातून निघून गेलं. नाव होतं मृण्मयी. मोठ्या हौसेनं हुडकून काढलेलं, घरात कुणाच्याच जिभेवर न बसलेलं. नणंदेला घोटभर पाणी पाजलं, आणि नाव फोनमध्ये पुन्हा पाहून घ्यावं लागलं.

पण पाळणा शांत होता. सकाळपासून रडणारी पोरगी डोळे मोठे करून गप पडली होती.

साधना मांडवामागं आली. मसाजी घामाघूम होऊन फोन धरून उभा. तिला पाहताच त्याची मान खाली गेली. "चुकलं बाई. मेंढरं हरभऱ्यात..."

"आबा, ती गप बसली." साधना रागवायला आली होती, पण तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. "तुमच्या आवाजानं गप बसली."

मसाजीची छाती फुगली. "कळप कुठला का असंना," तो म्हणाला, "आवाज बराबर वळखतो."

तेवढ्यात पुन्हा भागवतचा फोन. "काका, निघाले एकदाचे! सगळे भाईर आले."

"माझ्या हाकेनं ना?"

भागवत जरा घुटमळला. "न्हाई. तुमच्या हाकेला त्यायनं माना वर केल्या, हे खरं. मंग पुन्हा हरभरा खाऊ लागले. मी डबा मोटारसायकलच्या चार्जरला लावला, बटन दाबलं, आन् ती बाई 'रेडी' म्हणली की समदे पळत आले. तुमची हाक वाजायचीच होती अजून."

मसाजीनं फोन खिशात ठेवला आणि जेवायला बसला. त्या दिवशी त्यानं पुरणपोळी मागून घेतली नाही.

घरी आल्यावर त्यानं खात्री करून पाहिली. माळावर उभा राहून पोटातून हाक दिली. म्हाताऱ्या मेंढीनं त्याच्याकडं ओळख असल्यासारखं पाहिलं आणि पुन्हा रवंथ करू लागली. दुरून भागवतनं बटन दाबलं. बाई बोलली. मसाजी माळावर एकटा उरला.

"आता तुमी इंग्रजी शिका," चांगुणाबाई म्हणाली. पण रात्री तिनं त्याच्या ताटात तुपाची धार जास्त धरली.

आणि मग साधनाचा फोन आला. यावेळी तिनं "मायकडं द्या" म्हटलं नाही. "आबा, पोरगी झोपत न्हाई. रडून रडून हैराण करून राहिली. तुमी दोन दिवस येऊन जाता का?"

"आलो म्हण!" मसाजी उभाच राहिला.

मेंढरं डब्यातल्या बाईच्या हवाली करून तो पहिल्या एसटीनं निघाला. वाटभर घसा खाकरत होता. शेजारच्या प्रवाशाला त्यानं दोनदा सांगितलं, नात आपल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. डोंगरकड्याला उतरला तो तरातरा चालत घरी पोचला, हातपाय धुतले आणि पाळण्यापाशी गेला. मृण्मयी टाहो फोडत होती. मसाजीनं कानावर हात ठेवला, पाळण्यात वाकून आपल्या झुबकेदार मिश्यांसकट तोंड उघडलं आणि मायेनं, हळूच, अगदी घरगुती हाक दिली.

पोरीनं डोळे उघडले. मिश्या पाहिल्या. आणि अशी किंचाळली की मागच्या बागेतली वानरं केळी टाकून पळाली.

मसाजी गडबडून मागं सरला. साधनानं धावत येऊन आपल्या फोनवर बापाची भरलेली हाक लावली. (शिवशंकरनं ती कालच पाठवली होती.) पोरगी हुंदके देत देत शांत झाली, मुठी सोडल्या, पापण्या मिटू लागल्या.

"पाहिलं ना आबा? तुमच्याच आवाजानं," साधना कुजबुजली. तिनं बापाला पाळण्याशेजारी बसवलं, त्याच्या हातात फोन दिला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "असा धरून बसा, मी जरा चहा टाकते. आन् आबा..."

"काय बाई?"

"तोंड तेवढं तिकडं करा."