तहकूब सभेचा गायक

मन्मथअप्पांचं बोलणं ऐकायचं असेल तर त्यांच्या तोंडापाशी कान न्यावा लागतो, आणि गाणं ऐकायचं असेल तर गावाबाहेर जाऊन उभं राहावं लागतं. हे दोन्ही आवाज एकाच माणसाचे आहेत, हे मला अजून नीट पटलेलं नाही.

अप्पा आमच्या गावच्या दूध संस्थेत फॅट काढतात. मी त्याच संस्थेचा सचिव. केजहून युसूफ वडगावकडे जाणाऱ्या जीपमधून मध्येच उतरलं की समोर आमची संस्था. सकाळी लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहतात. अप्पा प्रत्येकाच्या दुधाचा नमुना यंत्रात घालतात आणि आकडा सांगतात, तो इतका हळू की समोरचा वैतागतो, "अप्पा, कानात मंत्र देताव का फॅट सांगताव?" अप्पा हसतात आणि पुन्हा तेवढ्याच आवाजात सांगतात. पन्नाशी उलटलेली, कपाळाला भस्म, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. कोणी पाणी घातलेलं दूध आणलं तरी भांडण नाही. "नियमात बसत न्हाई," एवढंच.

असा माणूस बँडमध्ये आहे. बरं, आमच्याकडे बँड म्हणजे वरातीपुढचा. हा तो नव्हे.

याचं मूळ अप्पांचा पुतण्या गणेश. पुण्यातली नोकरी सुटल्यावर तो गिटार घेऊन परत आला. केजच्या लग्नाच्या बँडमधला बबन ड्रमवर बसला, कारण दुष्काळात लग्नंही आटली होती. आणि गायला मन्मथअप्पा. मी गणेशला विचारलं, हे काय आहे?

"मेलोडिक हार्डकोर पंक."

"म्हणजे?"

"म्हणजे चाल गोड असती, आन् गाणारा तळमळून ओरडतो."

"चाल गोड आहे तर ओरडायचं कशाला?"

"तळमळ हाय म्हणून."

"मग तळमळ आहे तर चाल गोड कशाला?"

गणेशनं गिटारची एक तार पिळली आणि म्हणाला, "तुमी एकदा ऐकाच."

ऐकलं. दूध थंड करायच्या खोलीत त्यांचा सराव चाले. खोलीला फरशा, मध्ये दुधाचा मोठा स्टीलचा कूलर, दुष्काळानं दूध घटल्यामुळे बहुतेक वेळ रिकामा. गिटार सुरू झाली तेव्हा मला बरं वाटलं, चाल खरंच गोड होती. तेवढ्यात अप्पांनी डोळे मिटले आणि असा आवाज काढला की मी दाराकडे पळालो. लग्नघरात सनई चालू असताना व्याह्यांचं भांडण लागावं तसं काहीतरी. शब्द एकही कळेना. मी सावरून खुर्चीवर बसेपर्यंत गाणं संपलंसुद्धा. त्यांची सगळी गाणी एवढीच असतात. अप्पांनी घाम पुसला आणि मला काहीतरी विचारलं. ते ऐकायला मला त्यांच्याजवळ जावं लागलं. ते विचारत होते, "चहा घेता का?"

बँडचं नाव 'तहकूब सभा'. सभेला पुरेशी माणसं आली नाहीत की ती तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, असतील तेवढ्यांत उरकायची, हा आमच्या सहकारातला रिवाज. अप्पा म्हणाले, "तिघंच हाओत. चौथा कुणी येत न्हाई. पण म्हणून थांबायचं कावून? नियमात हाय." बँडचा कारभारही संस्थेसारखाच. नव्या गाण्याला सूचक लागतो, अनुमोदक लागतो. बबन दर वेळी नागीण धून सुचवायचा आणि दर वेळी बहुमतानं पडायचा.

चेअरमनसाहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बँड कुणाच्या पॅनलचा?" गणेश म्हणाला, "कुणाच्याच न्हाई. स्वतंत्र हाय." साहेबांना रात्रभर झोप लागली नसावी. सकाळी मला म्हणाले, "सचिव, अपक्ष माणूस कुणाला पाडायला उभा राहतो ते आधी बघून ठेवा."

दुष्काळाचं दुसरं वर्ष लागलं. जनावरं चारा छावणीत गेली, काही बाजारात गेली. किटल्यांची रांग आखडत आखडत चार-दोन माणसांवर आली. साहेबांनी ठरवलं, दूध संकलन बंद करायचं आणि ती खोली सिमेंटवाल्याला गोदामाला द्यायची. वार्षिक सभेत ठराव घ्यायचा. अप्पांना मी सांगितलं तेव्हा ते यंत्र पुसत होते. बराच वेळ पुसतच राहिले.

सभेला माणसं जमायची नाहीत, सगळे टँकरच्या मागे. साहेब म्हणाले, "एखादा बँड बोलवा, गाण्याला तरी येतील." अप्पांचा बँड फुकट होता, म्हणून मी तोच सांगितला. साहेबांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वरातीतले लाल कोटवाले होते.

आमच्या सभेची एक पद्धत आहे. व्यासपीठावरून कोणी काही वाचतो, आणि तो श्वास घ्यायला थांबला की मंडपातून आवाज येतो, "मंजूर, मंजूर!" काय वाचलं ते कोणी ऐकत नाही. सगळ्यांचं लक्ष मागे शिजणाऱ्या वरणाकडे. अहवाल मंजूर झाला, ताळेबंद मंजूर झाला. संकलन बंद करायच्या विषयाआधी साहेब म्हणाले, "आता थोडं गाणं होऊ द्या."

अप्पा माइकपुढे आले. डोळे मिटले. त्यांनी एक ओळ फोडली आणि गिटार क्षणभर थांबली. मंडपातून सवयीनं आलं, "मंजूर!" पुढची ओळ, परत "मंजूर!" बबनला जोर चढला. अप्पांच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि दर ओळीला सारा मंडप हात वर करून ओरडू लागला. गणेश मला नंतर म्हणाला, या संगीतात असंच असतं, शेवटी सगळ्यांनी मिळून ओरडायचं असतं, पुण्यात त्यासाठी माणसं शिकवावी लागतात. साहेबांचाही हात वर होता. आपण कशाला हात वर केलाय हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

गाणं संपलं. साहेब म्हणाले, "आता पुढचा विषय." मागून कोणीतरी म्हणालं, "झालं की मंजूर सगळं," आणि माणसं पंगतीला पळाली.

आता इतिवृत्तात लिहू काय? साहेब धरून चालले होते की त्यांचा ठराव झाला. पण तो तर कोणी वाचलाच नव्हता. मी कूलरच्या खोलीत गेलो. अप्पा एकटेच बसले होते.

"अप्पा, गाण्यात नेमकं काय म्हणालात?"

मी कान पुढे केला. ते सांगू लागले.

"दूध येऊ, न येऊ, सकाळी दार उघडं ठेवा. किटली रिकामी असू द्या, पण या. एवढंच हाय."

"अहो, मग हे सरळ बोलायचं."

"बोललो की मागच्या सभेत, रांग आखडाया लागली तवाच. सगळे मंजूर म्हणले आन् जेवायला गेले." मग यंत्रावर हात ठेवून म्हणाले, "बायको गेल्यापासून माझं बोलणं इथंच होतंय, सायब. म्हैस कशी हाय, पोरगी नांदती का, गुडघ्याचं दुखणं राहिलं का. त्या सकाळच्या घटकाभरात दिवसाचं सगळं बोलून होतंय. घरी गेल्यावर मग कुणासंगं बोलू?"

मला फार वाईट वाटलं. मी तिथंच बसून लिहिलं: दूध येवो न येवो, संकलन केंद्राचं दार रोज सकाळी उघडं राहील. सूचक मन्मथअप्पा, अनुमोदक सर्व उपस्थित.

साहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "हे कधी झालं?"

"सगळ्यांच्या समोर, साहेब. आपलाही हात वर होता."

त्यांनी आपल्याच उजव्या हाताकडे बघितलं. मग कागदाकडे बघितलं, आणि सही केली.

माझ्याकडे म्हैस नाही. कधीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातली किटली घेऊन संस्थेत गेलो. अप्पांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, झाकण लावून किटली बाजूला ठेवली.

"वहिनीचं कंबरेचं दुखणं कसं हाय?"

मी खुर्ची ओढली आणि सांगायला लागलो.