बाबलचं बारदान

काजूची पोती तोलून झाली की बाबल स्वतः काट्यावर चढायचा आणि माझ्याशी घासाघीस करायचा.

"किती?"

"ब्याण्णव."

"बारदान वजा कर."

पोत्याचं वजन आम्ही बारदान म्हणून वजा करतो, ते बरोबर. पण याच्या अंगावर फक्त लुंगी आणि गंजीफ्रॉक. "कसलां बारदान रे?"

त्याने पोटावर थाप मारली. "ह्यां काय? मूळ माल पंच्याहत्तरच आसा. वयर ओलाव्याचो दोन किलो कडतो काढ. घामान ओलो आसंय."

कट्टा गावच्या बाजारात डोक्यावर पोती वाहून मी हे दुकान उभं केलं. ओली बी वाळलेली म्हणून अजून कोणाला माझ्या गळ्यात मारता आलेली नाही. वीस हंगाम बाबल माझ्याकडेच काजू घालतो आणि वीस हंगाम आम्ही भांडतो. त्याचं काही नाही. पण त्या वर्षी स्वतःच्या वजनाचा आकडा ऐकून तो भर बाजारात माझ्या नावाने ओरडला, "विलाश्याचो काटो खोटो!" काट्यावर सरकारी शिक्का आहे हो! तो राग अजून माझ्या पोटात आहे.

दर बुधवारी, ऐन गर्दीच्या वेळी, हेच. वर आणखी, "माका ऐकाक येणा नाय, मोठ्यान सांग!" बागेत बी गळून पडली तरी ऐकणारा हा माणूस!

शेवटी त्या पोटासाठी मीच त्याला कणकवलीच्या डॉक्टरकडे हाकलला. परत आला तो पार गोंधळून. बाकड्यावर बसून त्याने काजूच्या बिया मांडल्या. "ही साखर. ह्यां इन्सुलिन. तां साखरेक पेशीत घेवन जाता. पण पोट सुटलां काय पेशी तेचां ऐकणत नाय."

"म्हणजे दलाल हाका मारता आणि गिऱ्हाईक ढिम्म?"

"तसांच. मगे शरीर आणखी दलाल धाडता." तिसरी बी ठेवताना त्याचा आवाज उतरला. "आणि ह्यां पुरुषाचां हार्मोन. टेस्टोस्टेरॉन. पोटामुळे तां कमी होता."

"मगे पोट कमी कर."

"पण तां कमी झालां काय पोट वाढता."

"मगे पहिली लबाडी कोणाची?"

"डॉक्टर म्हणता, तिगय एकमेकांचे पाय ओढतत."

मला असला व्यवहार कळत नाही. कुठल्याही सौद्यात एक कोणीतरी लबाड असतो. इथे तिघे, आणि तेही गोल फिरणारे. मी बिया उलटसुलट मांडून पाहिल्या. कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी पोटाशीच यायचो.

"त्या हार्मोनचां इंजेक्शन घे आणि मिटव एकदाचां."

"मागलंय. डॉक्टरान दोनदा सकाळचां रक्त घेतल्यान आणि म्हणालो, आधी पोट उतरव. चाल."

मग बाबल चालायला लागला. पण नुसतं चालायची त्याला लाज. म्हणून दोन्ही हातांत एकेक नारळ. कोणी विचारलं तर म्हणायचा, "गिऱ्हाईक बघतंय." ते दोन नारळ काही विकले गेले नाहीत. महिन्याभरात तीन किलो उतरले, तरी काट्यावर चढला की "मोठ्यान सांग!" चालूच.

एका बुधवारी मी भडकलो. "काटो खोटो म्हणतस आणि दवंडीय माकाच पिटूक लावतस? कोणाक ऐकवचां आसा तुका?"

तो खाली बघत म्हणाला, "तिका."

रस्त्यापलीकडे मासळीच्या रांगेत त्याची बायको, सुनंदावहिनी, बांगडे निवडत होती.

"दोन वर्षां मी भायर पडवेत निजतंय," तो म्हणाला. "घोरतंय म्हणान सांगलंय तिका. तिका वाटता, ती माझ्या मनातून उतरली. पावसाच्या आदी लेकीकडे पुण्याक जातली, कायमची. बॅग भरान ठेवल्यान."

"मगे सांग मा खरां काय तां!"

"काय सांगू? दलाल नि गिऱ्हाईक? तोंड उघडणा नाय रे. म्हटलंय, वजन ऐकान एकदा तरी इचारतली, काय झालां म्हणान."

वहिनीने मला मागच्याच आठवड्यात विचारलं होतं, "भावजी, माझां काय चुकलां?" आणि मी, सगळ्या बाजाराचे भाव ठाऊक असलेला माणूस, माका म्हायत नाय म्हणून मोकळा झालो होतो.

आयुष्यभर आवाज चढवून मी सौदे जिंकले. तोच चढवला. "वयनी! हंय येवा! तुमचो घोव काट्यार आसा, बारदान किती तां तुमीच सांगा!"

ती पिशवी घेऊन आली. "कसलां बारदान?"

बाबलने खाली उतरून पोत्यातल्या तीन बिया उचलल्या आणि तिच्या हातावर ठेवल्या. "घराक जाताना सांगतंय."

"आता सांगा."

"वाटेत."

त्याने तिची पिशवी घेतली. दोन्ही नारळ बाकड्यावरच विसरला. लांबवर त्याचे हातवारे दिसत होते. वळणावर वहिनी थांबली, मूठ उघडून बियांकडे बघत राहिली. मग त्या तिने कनवटीला खोचल्या आणि दोघं पुढे गेली.

पुढच्या बुधवारी तो आला. काट्यावर चढला. मी सवयीने ओरडणार, तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी हळूच आकडा सांगितला. त्याला स्वच्छ ऐकू आलं.

आता तरी काटा खरा म्हणेल, म्हणून मी वाट बघत उभा. त्याने बाकड्यावरचे आपले नारळ उचलले, जाता जाता माझ्या कानाशी वाकला.

"पडवेत आता मांजर निजता."