चार कोपऱ्यांतला वाघ

नाटक मंडळाचे सुखरामभाऊ दिघोरीहून येणार म्हणून आसारामने त्या दिवशी तलावावर जाळं टाकायचं सोडलं आणि मुलाच्या खोलीतल्या वायरींना हात घातला. तिथेच घोटाळा झाला.

चंदनला जन्मापासून दिसत नाही. त्याचा संगणक पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतो, त्याच्या आधाराने तो आवाज कापतो, जोडतो आणि खोलीच्या चार कोपऱ्यांतल्या स्पीकरांतून फिरवतो. मंडळाच्या नाटकात वाघाचा प्रवेश होता. गेल्या साली वाघ एकाच भोंग्यातून ओरडला आणि लोक पोट धरून हसले. यंदा तो प्रेक्षकांभोवती फिरवून दाखवतो, असं चंदनने कळवलं होतं. काम मिळालं तर पहिल्यांदाच पोस्टरवर त्याचं नाव येणार होतं. वाघ आणला कुठून, हे मात्र त्याने घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

संगणकाचं बोलणं एरवी त्याच्या एकट्याच्या इयरफोनमध्ये येई. आसारामने मदतीच्या भरात तीही वायर मोठ्या स्पीकरांना जोडून टाकली.

सुखरामभाऊ खाटेवर बसले. चंदनने बटण दाबलं. दाराकडून गुरगुर आली, खिडकीशी गेली आणि खाटेमागून अशी डरकाळी उठली की सुखरामभाऊ खाटेवर उभेच राहिले.

"अरे बापा!"

चंदनला चेव आला. वाघ अजून जवळ आणावा म्हणून त्याने दुसरं बटण दाबलं, तशी चारी कोपऱ्यांतून एक बाई खणखणीत बोलली, "ट्रॅक दोन. बाबाचं घोरणं. मागचा डावा कोपरा."

"कोनाचं?" आसारामने विचारलं.

घाबरून चंदनने भलतंच बटण दाबलं. "आवाज जाड करणे, बंद," बाई म्हणाली. वाघाचं कातडं गळून पडलं आणि आसारामचं अस्सल घोरणं, शेवटच्या शिट्टीसकट, खोलीभर फिरू लागलं.

कुंपणापलीकडून शेजारच्या कौशल्याबाई ओरडल्या, "आसारामभाऊ, भर दुपारी झोपले काय जी? पावने येनार होते ना!"

तीस वर्षं 'मी घोरतच नाही' म्हणणारा आसाराम टक्क जागा उभा राहून स्वतःला ऐकत होता. त्याची बायको रेवताबाई पदराने हसू दाबत दारात आली.

"आता सांगा," ती म्हणाली.

चंदनने कसंबसं सगळं बंद केलं. काम तर गेलंच, वर बापाची अब्रूही गेली, असं वाटून तो बापाच्या दिशेने वळला.

"बाबा, राग आला काय जी? तुमच्यासारका दमदार आवाज मले दुसरा भेटलाच नाही."

"दमदार म्हंजे? माहे पाय अजून कापून राहिले," सुखरामभाऊ खाटेवरूनच म्हणाले. "मले हाच वाघ पायजे. पन आसाराम, तुमची परवानगी?"

आसारामने खाकरून घेतलं. "मी घोरत नाही. पन वाघ माह्या असन, तं पोस्टरवर नाव बी माह्यं लागन."

पोस्टर छापून आलं तेव्हा चंदनने ते आईच्या हातात दिलं. संगणक बोलायला लागायच्या आधी त्याची सगळी पुस्तकं तिनेच अडखळत वाचून दाखवली होती. ते उपकार फेडता येणार नाहीत हे त्याला ठाऊक होतं, निदान छापता तरी आले.

"ध्वनी, चंदन. वाघ, आसाराम," तिने वाचलं.

"खाली बी वाच ना, माय."

"विशेष आभार, रेवताबाई. तीस वर्षं एकटीने वाघ ऐकल्याबद्दल."

रेवताबाईने डोळे पुसले. मग तीच ओळ तिने पुन्हा वाचली, या वेळी कुंपणापलीकडे कौशल्याबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात.